गाण्याच्या बाईंचा तास

आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा तास म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा. परीक्षा जवळ आली की मी, गणिताचा मास्तर, तो खुशाल बळकावायचो. उरलेल्या तासांत बाई बावीस वर्षं एकच गोष्ट शिकवत आल्या: दुसऱ्याच्या घरचं गाणं आपल्या गळ्यातून गेलं की तो माणूस परका राहत नाही.

"बाई, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे," मी म्हणायचो. त्या हसून पेटीचा भाता उघडायच्या.

यंदा सातवीत एक नवी मुलगी आली. तिच्या घरची भाषा वेगळी, म्हणून पोरं हसायची आणि ती तोंडच उघडायची नाही. बाईंनी गोडीगुलाबीनं तिला बोलतं केलं. तिची आई धाकट्या भावाला म्हणते ती अंगाई तिनं वर्गाला शिकवली. आठवडाभर चाळीस पोरं ती घोकत होती.

"आता तरी पटलं का, सर?" बाईंनी मला ऐकवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघं जिना उतरत होतो. खालच्या पायरीवर ती मुलगी मांडीवर डबा घेऊन बसली होती. भोवती दहाबारा पोरं हातांनी पाळणा हलवत, तिला "बाळा, झोप गं" म्हणत, तीच अंगाई गात होती. मी खेकसलो तशी पांगली. मुलीनं न खाताच डब्याला झाकण लावलं.

बाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"एकही सूर चुकला नाही हो त्यांचा," त्या म्हणाल्या, आणि पुढचा तास आपणहून मला देऊन टाकला.