आबांची अंदाजवही

"कोण म्हणालं? कवा म्हणालं?" असं विचारत आबा शर्टाच्या खिशातलं पेन काढायचे, तेव्हा समोरच्याची पंचाईत व्हायची. कुणी सहज म्हणावं, पुढच्या महिन्यात स्टँडवर डांबर पडणार आहे, आणि आबांनी ते तारखेसकट वहीत लिहून घ्यावं. महिन्याने तोच माणूस दिसला की वही उघडून, अजिबात न हसता, "न्हाय झालं," एवढंच सांगायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लोक त्याच्यासमोर जपून बोलतात.

आबा इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि कर्ण्यावरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर या मुलाला हट्टाने शिकवलं होतं, आणि घरात महिन्याचा पगार आणणारे आबा पहिलेच. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मला ते कधी अरेतुरे करत नसत.

मी तेव्हा बारामतीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला होतो. नव्वदीतली मधली वर्षं. शेअर म्हणजे कागद, भाव म्हणजे सकाळचा पेपर आणि तातडीचं काही असेल तर एस.टी.डी. बूथ. त्या दिवसांत पुण्याहून एक सर यायला लागले. एक रविवार सोडून एक, खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांचा शेअर बाजाराचा क्लास भरे. फी भरभक्कम होती. क्लासला माणसं मी मिळवून द्यायचो आणि प्रत्येकाच्या फीमधला काही भाग मला मिळायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काटेवाडीचे दोन भाजीवाले बागाईतदार, एक कंपाउंडर, एक शाळामास्तर, आणि आबा. सगळे मीच नेलेले.

सर फळ्यावर रंगीत खडूने रेषा काढायचे. इथे मी घ्या म्हणालो होतो, इथे विका म्हणालो होतो. रेषा बघून वर्ग खूश व्हायचा. आबा मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाले, "सर, ही झालेली गोष्ट हाय. गाडी येऊन गेल्यावर तिची येळ मीबी सांगतो. फुडची सांगा." सर हसले आणि त्यांनी पुढच्या चार सांगितल्या. आबांनी चारही लिहून घेतल्या.

तेव्हापासून सरांचा प्रत्येक अंदाज वहीत जाऊ लागला. समोर आबांचा शेरा, गाड्यांच्या नोंदीसारखाच: वेळेवर, उशिरा, रद्द. वर्षभरात रद्द जास्त झाले. एकदा चहाच्या वेळी आबांनी सरांना विचारलं, "तुमी सोता ह्यातलं काय घेतलंय?" सर म्हणाले, शिकवणाऱ्याने स्वतःचं सांगायचं नसतं. आबांनी तेही लिहून घेतलं.

इतकं सगळं करून त्यांनी सरांच्याच शब्दावर शेअर घेतले. पाइप तयार करणारी एक कंपनी होती. दिवाळीपर्यंत तिप्पट, असं सर म्हणाले होते. आबांची लेक बारावीला होती आणि पुढे पुण्याला शिकणार होती, तिच्यासाठी ठेवलेलं सगळं त्यात गेलं. फॉर्म माझ्याच टेबलावर भरला. वही आणली नाहीत का, असं मी गमतीने विचारलं. घरी राहिली, म्हणाले.

भाव दसऱ्यापर्यंत टिकला, मग रोज उतरत गेला. नव्या वर्षात तर त्या कंपनीचं नाव पेपरातल्या यादीतून गेलं. कारखाना बंद होता, विकायला गेलं तर घेणारा नव्हता. काटेवाडीच्या दोघांनीही घेतले होते. रविवारी सगळे हॉलच्या जिन्यात जमले. आज सरांना सोडायचं नाही, असं ठरलं. त्यातला एक बागाईतदार आबांना म्हणाला, "तुमच्याकडं समदं लिवलेलं हाय. तुमी म्होरं व्हा."

आबांनी पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली.

"वही घेऊन जावा. फी माघारी मागा, ती मागायला पायजे. सरांनी शिकवायचं म्हणून घेतली आन् शिकवलं न्हाय. पर शेअरचं मी बोलणार न्हाय."

"का हो, आबा?"

"सर चुकत्यात, हे माझ्याच हातानं वर्सभर लिवलंय. तरीबी घेतला. त्ये त्यांना कसं इचारू?"

मी जिन्यात शेवटच्या पायरीवर उभा होतो. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. सरांनी अर्धी फी परत दिली आणि ते पुन्हा आले नाहीत. आपला भाग मी परत केला नाही. तेव्हा वाईटही वाटलं नाही. ऑफिसात जाऊन फॉर्म लावत बसलो.

घरी काय झालं ते पुढे आबांनीच मला सांगितलं, गाड्या पुकारायच्या आवाजात. लेकीला समोर बसवून म्हणाले, पुण्याचं जमणार न्हाय, चूक सरांची न्हाय, माझी हाय. ती "बरं" म्हणाली आणि दळण आणायला गेली. एवढंच. पुढे तिने इंदापुरातल्याच कॉलेजात प्रवेश घेतला. ती दळण घेऊन यायला फार वेळ लागला, असं मात्र आबा दोनदा म्हणाले.

वही परत आली तेव्हा त्यांनी नवं पान उघडलं आणि वर सरांच्या जागी स्वतःचं नाव घातलं. रोज पेपर बघून स्वतःचा अंदाज लिहायचे. विकत काहीच घ्यायचे नाहीत. सहा महिन्यांनी मला पान दाखवून म्हणाले, "मी सरांपेक्षाबी वाईट निघालो." पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं. पुढे सोलापूरकडचे कुणी एक मास्तर क्लास काढणार म्हणून लोक विचारायला आले, तर त्यांनी क्लास लावू नका असं सांगितलं नाही. चुकलेले अंदाज दाखवतोय का ते बघा, म्हणाले, आणि दाखवले तरी शेअरच्या फॉर्मवर सही करताना त्याचं नाव घेऊ नका.

त्याच सुमाराला एका दुपारी मी इंदापूरला गेलो. त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. तुमच्या फीमधला भाग मला मिळत होता, असं मी सांगून टाकलं. पंढरपूरची गाडी लागली, ती आबा आत जाऊन पुकारून आले आणि परत बसले.

"ठावं हाय. सर पयल्याच म्हैन्यात बोलले हुते."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलो."

आणि त्यांनी चहा सांगितला.

पुढच्या वर्षी त्यांची सांगलीकडे बदली झाली. मी निरोपाला गेलो. टेम्पोत सामान भरलेलं होतं, वर खाट उलटी बांधलेली. आबा पुढे बसले, शेजारी बायको आणि लेक. "येतो," म्हणाले. टेम्पो वळला आणि दिसेनासा झाला. स्टँडवर नवा माणूस कर्ण्यावरून बारामतीची गाडी पुकारत होता. मी तिच्यात चढून बसलो. काही वाटत नव्हतं. खिडकीतून समोरची उसाची रसवंती दिसत होती, ती बघत राहिलो.

कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठं जायचं.

"इंदापूर," मी म्हणालो.

त्याने तिकिटांची पेटी खाली धरली. "अहो, इंदापुरातच हाय की आपुन."