पट्ट्या मी वळवल्या होत्या

"धूर सोड," सर मंचावरून म्हणाले. माझं नावही घेतलं नाही.

कॉलेजच्या सभागृहात मी पडद्याच्या कडेला उभी होते. हातात, मॉडेलमधून हवा कशी जाते ते दाखवणाऱ्या धुराच्या नळीचा कॉक. पडद्यावर पहिल्याच पानावर दोन नावं. एक सरांचं, दुसरं संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं. प्रोजेक्ट माझा होता. अख्खं वर्ष मी त्यात घातलं होतं. पुतण्या वर्कशॉपमध्ये दोनदा आला, त्यातही एकदा फोटो काढायला.

काम विमानाच्या इंजिनाचं. गिअरवाल्या टर्बोफॅनमध्ये पुढचा मोठा पंखा सावकाश फिरतो. बरीचशी हवा आतल्या आगीकडे न जाता बाजूच्या पोकळीतून सरळ मागे जाते आणि विमानाला रेटते. त्या हवेचा पीळ काढायला पंख्यामागे स्थिर पट्ट्या असतात. आणि पट्ट्यांच्या मागे, इंजिन ज्याला टांगलेलं असतं तो खांब. हवा त्याच्यावर आदळते, तुंबते. ती तुंबू नये म्हणून काय करता येईल, हे मी शोधत होते. प्लायवूडचा वाऱ्याचा बोगदा केला. हवा कशी वळते ते दिसावं म्हणून पट्ट्यांना दोरे चिकटवले. खांबासमोरचे दोरे नुसते फडफडायचे. महिनाभर काही सुचेना.

वाट बाबांनी दाखवली. बाबा ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. बॉयलरचा धूर वाहून नेणाऱ्या मोठमोठ्या डक्टमध्ये शिरून राख काढायची, हे त्यांचं काम. माझं चित्र बघून म्हणाले, "साऱ्या पट्ट्या एकसारख्या काऊन ठेवल्या? हवेले अडथळा दुरूनच समजते पोरी. आदळायच्या आधीच तिले वाट दे."

दुसऱ्या दिवशी मी खांबासमोरच्या पट्ट्या थोड्या थोड्या वळवल्या. दोरे सरळ झाले. जगात हे आधी कुणी केलं असेलही. आमच्या बोगद्यात ते मी केलं.

धावत जाऊन सरांना सांगितलं. बाबा काय म्हणाले तेही सांगितलं. सर त्याच आठवड्यात आमच्या घरी आले. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. आईनं केलेला भात, वांग्याची भाजी पोटभर जेवले. बाबांना म्हणाले, "भाऊ, मुलगी नाव काढेल तुमचं." बाबा कितीतरी दिवस वस्तीत सांगत होते, सर आपल्या घरी जेवले.

आणि आता मंचावर सर हैदराबादच्या कंपनीच्या पाहुण्यांना सांगत होते, "मला एकदा सुचलं. हवेला अडथळा दुरूनच समजतो. मग आदळण्याआधीच तिला वाट का देऊ नये?"

बाबांचं वाक्य. शुद्ध करून घेतलेलं.

एका पाहुण्यानं विचारलं, "पट्ट्यांचे कोन कसे ठरवले?"

पुतण्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी माईकवर हात ठेवला, त्याच्याकडे मानेनं खूण करत माझ्याकडे वळले. "सांग ना त्याला. हळूच."

हळूच.

मी कॉक बंद केला. इतके दिवस कॉलेजात घरची बोली येऊ न देता जपून बोलायचे. त्या वेळी जपलं नाही.

"कोन मी काढले. विचार माह्या बाबाचा हाय. ते डक्ट साफ करतात. अन् आमच्या दोघायचं नाव इथी नाई."

पाहुण्यानं वही मिटली. "हे तुमचं अंतर्गत आहे," म्हणाला आणि चहाला उठला. माझी मैत्रीण खाली मान घालून बसली होती.

बाहेर सरांनी गाठलं. "तुमच्या लोकांना इथं प्रवेश मिळतो तेच खूप आहे. वर नाव पण पाहिजे?"

ज्या तोंडानं आमच्याकडे जेवले, त्याच तोंडानं.

रिपोर्टवर सही मिळाली नाही. वर्ष वाया गेलं. बाबांना सांगितलं. "मले वाटलं, चांगला माणूस हाय," एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी एका मॅडमकडे मी तोच प्रोजेक्ट पुन्हा केला. पानापानावर माझं नाव. बाबांचंही. आभारात नाही, कामात.

आता हैदराबादला नोकरीत मी अशाच पट्ट्यांचे कोन तपासते. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. "बेटा, कॉलेजात तुझा सत्कार ठेवलाय. तू आमचीच ना!"

"येईन," मी म्हटलं. "त्या दिवशी जे अर्धं राह्यलं, ते माईकवर पूर्ण बोलीन. तुमचं नाव घेऊन."

दोन दिवसांत सत्कार रद्द झाल्याचा निरोप आला.

मी तिकीट रद्द केलेलं नाही. आमच्या वस्तीतल्या चार पोरी यंदा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहेत. त्यांना मी सरांचं नाव सांगणार आहे, आणि पट्ट्या कुणी वळवल्या तेही.