दहा की एक?

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे वेलांटीकाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही ऱ्हस्व-दीर्घ निसटलं नव्हतं. घरी वाणसामानाच्या यादीवरही त्यांची लाल पेन्सिल चाले. "सासूबाईंनी सोडलं, पण ह्या पेन्सिलीने काही मला सोडलं नाही," असं बायको म्हणे.

त्या वर्षी पाण्यावर पहिल्यांदाच कर बसायचा होता. मुद्रितात आकडा होता १० टक्के. काकांना तो खटकला. त्यांनी समासात लिहिलं, 'दहा की एक?' मंत्रालयातून उत्तर आलं, 'दहाच.' खाली सही.

राजपत्र निघालं आणि लोक रस्त्यावर उतरले. चौथ्या दिवशी मंत्र्यांनी हात जोडून सांगितलं, "एकच टक्का ठरला होता. छापखान्याने शून्य वाढवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. कालपर्यंत थेंबावरही कर नको म्हणणारे लोक एक टक्का हसत द्यायला तयार झाले.

दुपारी उपसचिव छापखान्यात आले. काकांनी कपाटातून ते मुद्रित काढलं.

"साहेब, मी विचारलं होतं. ही बघा सही."

साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "काका, एक हवा असेल तर दहा सांगावे लागतात. नि माघार घ्यायची तर कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उतरावं लागतं."

"माझ्याच का?"

"मंत्रीसाहेबांची निवडणूक आलीय, तुमची निवृत्ती. दोन महिन्यांनी पेन्शन घेऊन घरी जायचंय की चौकशी घेऊन, ते तुम्ही ठरवा."

संध्याकाळी बायको नळावरून बादली घेऊन आली.

"शेजारीण म्हणते, वहिनी, तुमच्या ह्यांनी आमचा जीवच घेतला होता. भलं होवो त्या मंत्र्याचं!"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खरं काय ते मला तरी सांगा."

"दहाच होतं."

"मग सांगा की लोकांना!"

"कागद कुठाय?"

तिने बादली तेवढी आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी कबुलीपत्र टाइप होऊन आलं. 'ही चुक सर्वस्वी माझी आहे.' काकांनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेन्सिल उचलून 'चुक'चा उकार दीर्घ केला.

"पुन्हा टाइप करून आणा," ते म्हणाले.

नवी प्रत आली. चूक आता शुद्ध होती. त्यांनी सही केली.