पेन्सिलीची टिक

ती केस विसरून जावी असं मला कितीदा वाटलं, पण ती काही डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. शर्टाच्या खिशात लाकडी फणी ठेवून ठाण्याच्या बाकावर बसलेले ते वृद्ध गृहस्थ मात्र जसेच्या तसे आठवतात.

बदलापूरच्या ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, एक काका आलेत. म्हणतात, बायको हरवली. पण ती म्हणे अंथरुणावरून उठूच शकत नाही."

अंथरुणाला खिळलेली बाई हरवते कशी? मी त्यांना आत बोलावलं.

काका अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. मोरिवलीजवळचा फ्लॅट विकून नवरा-बायको चामटोलीकडच्या एका खाजगी वृद्धनिवासात राहायला गेले होते. दोघांना एकत्र राहता यावं, एवढीच त्यामागची इच्छा. पुढे बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी काका त्यांची वेणी घालत. म्हातारपणी शिकले होते.

"मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो," ते म्हणाले. "परत आलो तर हिची खाट रिकामी. मॅनेजर म्हणतो, दुसऱ्या शाखेत हलवलंय. कुठे विचारलं तर सांगत नाही. साहेब, तिला वेणी घातल्याशिवाय झोप लागत नाही हो."

मिसिंगची नोंद करायला लावली आणि मी स्वतः निघालो. असल्या कामाला हवालदार पाठवला असता तरी चाललं असतं, पण त्या फणीकडे बघून मला राहवेना.

निवास बाहेरून देखणा होता. फाटकावर बोगनवेल, अंगणात तुळस, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. मॅनेजर चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला लोण्यासारखा. मी काही विचारायच्या आत त्यानं कराराची प्रत पुढे केली.

"सर, सगळं लीगल आहे. रहिवासी परावलंबी झाला तर मॅनेजमेंट ठरवेल त्या जागी हलवणार, आणि नंतरची भेट आमच्या परवानगीने. काकांनी पानापानावर सही केलीय. कोणी जबरदस्ती नाय केली."

खरंच, कलम होतं. करार इंग्रजीत होता, पण काकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्या जागेचा पत्ता मात्र अख्ख्या करारात कुठेच नव्हता. मी तो मागितला तर "पेशंटची प्रायव्हसी" वगैरे सुरू झालं. गुन्हेगार शिव्या देतो तेव्हा मला सोपं वाटतं. नियम दाखवणारा माणूस जड जातो.

प्रत चाळताना प्रत्येक सहीशेजारी एक बारीक, पुसट खूण दिसली. पेन्सिलीची टिक. परत आल्यावर काकांना विचारलं, तर त्यांनी मान खाली घातली.

"आमच्या एमआयडीसीत अशीच पद्धत. क्लार्क कागदांचा गठ्ठा आणायचा, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने टिक. गेट पास, रजा, स्टोअरचं इंडेंट... वाचत बसलो तर प्लांट कोण चालवणार? टिक दिसली की हात चालतो. कराराच्या दिवशी मॅनेजरने टिका करूनच कागद पुढे ठेवले. मला वाटलं, किती व्यवस्थित माणूस आहे."

या पट्ट्यातले असे कितीतरी साहेब मी ओळखतो. कामात एकदम चोख. त्यांच्याकडे येणारा कागद आधी कुणीतरी तपासलेलाच असायचा, हा आयुष्यभराचा विश्वास. निवृत्त झाल्यावर तो तपासणारा माणूस राहत नाही आणि विश्वास तेवढा उरतो.

पत्ता मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. निवासात झाडलोट करणारी एक बाई, बारवीकडच्या पाड्यावरची, कामावरून परतताना ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसली. मी तिला आत घेऊन चहा दिला. चहा निम्मा झाल्यावर ती बोलली.

"साहेब, जी म्हातारी खाटंला लागतंय, ती हितं ऱ्हात नाय. पांढरी गाडी येतंय न् उल्हासनगरला नेतंय. परत आलेली कोन मी नाय बघली. म्हाताऱ्यांच्या लंगोटांची खोकी पन आता तिकडंच जातान. माझं नाव नका घेव, काम जाईल."

तिचं नाव मी कुठेही येऊ दिलं नाही, आजही देत नाही. माणूस लपवता येतो, पण त्याला लागणाऱ्या वस्तू कुठून तरी विकत आणाव्याच लागतात. उल्हासनगरच्या बाजारात आजारी माणसांचं सामान ठोकभावात विकणारी दुकानं मोजकीच. तिसऱ्या-चौथ्या दुकानात एका सिंधी शेटनी निवासाच्या माहितीपत्रकातला फोटो पाहून मॅनेजरला लगेच ओळखलं.

"अरे साईं, ये तो अपना रेगुलर गिराइक! माल चामटोलीला नाय जात. इधरच, पाठच्या गल्लीत, जीन्सच्या कारखान्याच्या वर. मेरा आदमी खाली रखके आता है, वरती कोणाला सोडत नाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "कुछ गलत है क्या, साहेब?"

मॅनेजरला ठाण्यात बोलावून घेतलं. मी पत्ता विचारलाच नाही. करार पुढे ठेवून विचारलं, "या टिका कोणाच्या?"

तो चक्क हसला. "माझ्याच, सर. मी आधी तिकडेच एका कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क होतो. साहेब लोक टिक बघतात, मजकूर नाय बघत. त्यात गुन्हा काय?"

"टिक करण्यात काहीच नाही," मी म्हटलं. "जीन्सच्या कारखान्याच्या वर काय आहे?"

हसू गेलं. त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. दरवाज्याला बाहेरून कुलूप असायचं, हे मला तेव्हा कळलं.

स्थानिक ठाण्याला कळवून, दोन पंच आणि रुग्णवाहिका घेऊन आम्ही गेलो. काकाही सोबत आले होते; गाडीतच बसून राहायला ते तयार नव्हते. पत्र्याखालची खोली, खाली शिलाई मशीनची घरघर, ओळीनं खाटा. कुठलाही परवाना नाही, डॉक्टर नाही, भेटीला आलेलं एक माणूस नाही. वासाबद्दल मी लिहीत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर त्या होत्या. काकांना पाहून त्यांच्या तोंडून आवाज फुटला, शब्द नाही. काका घाईनं पुढे गेले, खिशातली फणी काढली आणि थांबले. बाईंचे केस मुळापासून कापलेले होते. सगळ्यांचेच कापले होते. उवा नकोत, विंचरायची कटकट नको. काकांनी फणी परत खिशात ठेवली आणि त्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिले. माझ्या हवालदारानं भिंतीकडे तोंड केलं. मी पंचनामा सांगायला घेतला.

मॅनेजरला अटक झाली. फसवणूक, बेकायदा डांबून ठेवणं अशी कलमं लागली. त्याच्या वकिलानं प्रत्येक तारखेला तोच करार वर धरला. सह्या खऱ्याच होत्या ना.

काकांचा जबाब आम्ही सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात घेतला. हवालदारानं सवयीनं कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं टिक केली आणि पेन पुढे केलं. काकांनी पेन घेतलं, टिक पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"आधी वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. फ्लॅट, करार, रिकामी खाट, कापलेले केस. प्रत्येक जबाबाच्या शेवटी येणारी ओळही वाचली: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' या ओळीखाली रोज कितीतरी लोक न ऐकताच सही करून घाईनं घरी जातात. काकांनी टिक खोडून टाकली आणि मग सही केली.

आता कोणी सल्ला विचारला की मी सांगतो, कागद घरी न्या. समोरचा नेऊ देत नसेल तर तिथूनच उठा. सगळं सुरळीत असताना काय मिळणार हे तो तोंडानंच सांगेल. तुम्ही पडलात, आजारी झालात, सोडून जायचं म्हणालात तर काय, ते कागदावर शोधा. 'मॅनेजमेंट ठरवेल' असं लिहिलं असेल तिथे बोट ठेवा आणि काय ठरवणार ते लिहून मागा. पत्ता नसेल तर पत्ता मागा. घरात दुसरं माणूस असेल तर त्यालाही वाचू द्या. आपल्याला काका म्हणणाऱ्या माणसाला एवढं विचारताना संकोच वाटतो. मी त्या गृहस्थांना हे विचारलंही होतं: तुम्हाला वाचता येत होतं, मग? ते म्हणाले, "समोर वाचत बसलो असतो तर त्याला वाटलं असतं, माझा विश्वास नाही."

नंतर काकांनी अंबरनाथला भाड्यानं खोली घेतली आणि बाईंना तिथे नेलं. एकदा मी भेटायला गेलो. संध्याकाळ होती. ते उशाशी बसून हलक्या हातानं डोक्याला तेल लावत होते, आणि बाईंचे डोळे मिटत आले होते. फणी खिशातच होती. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "वाढतील. वेळ आहे."

केस फणीत येतील एवढे वाढायच्या आतच त्या गेल्या.