बाबांनी चित्र लॅमिनेट करून आणलं

मंडळी, मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहिते.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तेव्हा माझे आजोबा अमरावतीला ड्रॉइंग मास्तर होते. बाळापूरच्या किल्ल्याचं मोठं चित्र त्यांनी स्वतः दगडावर रेखून शिळाप्रेसवर छापलेलं. खालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं सही.

चांगली फ्रेम होईपर्यंत मी ते फ्रिजच्या खोक्याच्या दोन पुठ्ठ्यांत, वर-खाली बटर पेपर घालून, दिवाणाखाली आडवं ठेवलं होतं. गुंडाळी नाही, घडी नाही. खर्च जवळपास शून्य, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

पण अकोल्याचा उन्हाळा. काल कूलरचं पाणी दिवाणाखाली गेलं आणि पुठ्ठ्याचा कोपरा भिजला. चित्र कोरडंच होतं, पण बाबा घाबरले.

आज दुपारी घरी आले तर बाबा दारातच उभे. "हे पाय, लॅमिनेशन करून आणलं! मशीनमधी बसत नव्हतं, तं दुकानदारानं कडा सरळ करून देल्ल्या."

आपल्याकडे सातबारा असो की मार्कशीट, जपायचं म्हणजे लॅमिनेशन.

कडा सरळ नव्हत्या केल्या, कापल्या होत्या. सहीची पट्टी गेली होती. तशीच दुकानात धावले. कचरा केव्हाच उचलला होता.

परत आले तेव्हा बाबा चित्र मांडीवर घेऊन बसलेले. मोतीबिंदूनं त्यांना धड दिसत नाही. चकचकीत प्लास्टिकवर खाली बोट फिरवत म्हणाले, "माह्या बापाची एवढीच निशाणी हाये पोरी. सही दिसून राह्यली ना तुले?"

मी म्हटलं, "हो बाबा, दिसते."

तुम्ही काय म्हटलं असतं?