केसपेपरवर लिहिलेला स्टोव्हचा भडका

“सिस्टर, प्लीहा फाटलीय. पोटात रक्त साचतंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल.”

सोनोग्राफीच्या टेबलावर सर्जननी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर युनिफॉर्मच होता. प्लीहा, म्हणजे स्प्लीन, डाव्या बरगड्यांखाली असते आणि रक्त गाळते. हे मी विद्यार्थिनींना शिकवत असे.

नव्वदच्या दशकाची अखेर. हुबळीच्या एका हॉस्पिटलात मी भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होते. आदल्या दिवशी जवळच्या तारिहाळ गावची रेणव्वा आली होती. डोकं, गळा, छाती भाजलेली. नवऱ्यानं सांगितलं तेच केसपेपरवर लिहिलं होतं: स्टोव्हचा भडका. पण स्टोव्ह भडकला तर आग खालून लागते; इथे रॉकेल डोक्यावरून खाली ओघळलं होतं. ड्रेसिंग करताना मी कन्नडमध्ये विचारलं. ती म्हणाली, “त्यानंच ओतलं, अक्का. काडीही त्यानंच ओढली.” मी डॉक्टरांना सांगितलं. सकाळी मॅजिस्ट्रेटनी तिचा जबाब घेतला.

दुपारी तिचा नवरा वॉर्डात घुसला. “तूच शिकवलंस तिला!” असं ओरडत त्यानं माझी वेणी धरली आणि डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मी पडल्यावर डाव्या कुशीत लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला आत काहीतरी फुटलं. आयाबाई फातिमाबीनं सलाईनचा स्टँड त्याच्या पाठीत घातला, तेव्हा तो थांबला. पोलिसांनी त्याला नेलं.

आणि मी तोंड धुऊन उरलेली ड्रेसिंग्ज करायला गेले! हा माझा मूर्खपणा मुद्दाम सांगते. थोड्या वेळानं डावा खांदा ठणकू लागला. खांद्याला मार नव्हता. पोटात रक्त साचलं की असा खांदा दुखू शकतो, हे ठाऊक असूनही मी काम करत राहिले. तासाभरात अंधारी येऊन कोसळले. पोटाला मार बसला तर चालता-बोलता येतंय म्हणून थांबू नका. लगेच तपासून घ्या.

प्लीहा काढली. नाकात नळी, पोटात नळी. चौथ्या दिवशी फातिमाबी पायाशी बसून म्हणाली, “रेणव्वा गेली.” हुंदका आला तसे टाके ओढले गेले. तोंडात पदराचा बोळा धरून मी रडले.

माझा थोरला भाऊ धारवाडला शिक्षक. तो म्हणाला, “पुरे झाली ही नोकरी. घरी चल.”

“हो, अण्णा,” मी म्हटलं. खरंच सोडणार होते.

जखम भरल्यावर राजीनामा द्यायला गेले. हॉस्पिटलचे मोठे साहेब अजून यायचे होते, म्हणून वॉर्डातलं जुनं रजिस्टर उघडलं. पानामागून पान तरण्या सुना, आणि पुढे तेच दोन शब्द: स्टोव्हचा भडका. कितीतरी नोंदी माझ्याच अक्षरातल्या. मी कधी विचारलंच नव्हतं. राजीनामा पर्समध्येच राहिला.

पुढे सार्वजनिक आरोग्य शिकले, संशोधनात आले. रेणव्वाच्या जबाबावर नवऱ्याला शिक्षा झाली. प्लीहा नसल्यानं साधा तापही मला जिवावरचा ठरू शकतो. म्हणून लशी घेते आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठते.

दोन हजार सालानंतर घरोघर फिरून बायकांना घरातल्या मारहाणीबद्दल विचारायचं काम सुरू केलं. एका घरी सासू उंबऱ्यातून हलेना. सुनेचं पोट तपासायचंय असं सांगून तिला बाहेर पाठवलं. मार मिळतो का, असं सुनेला विचारलं. तिनं पोलक्याची बाही वर केली. चटके होते, जुने आणि ताजे. मी पेन खाली ठेवलं.

तिनं ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

“नाव घालू नका, अक्का. पण लिहा.”