भिंतीवरच्या म्हातारीचं बोट

लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी आयुष्यभर रिपोर्ट लिहिले, तेही इंग्रजीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तोही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. मराठी दहावीपर्यंतचं. पण ही एक केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. कुणाचं नाव देत नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात रेल्वे स्टेशनखाली भुयारी मार्ग आहे. तिथे एका प्रवाशाला मारहाण करून लुटलं होतं. बघणारे होते, पण साक्ष द्यायला कुणी येईना. थोड्याच दिवसांत त्याच भिंतीवर स्प्रेपेंटने काढलेली, माणसाहून उंच म्हातारी दिसली. बोट ओठांत, नजर थेट येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. नगरपालिकेची माणसं पुसायची, काही दिवसांत ती पुन्हा हजर.

काउंटीचा डिटेक्टिव्ह म्हणाला, "उघड आहे. तोंड उघडाल तर बघा, असं सांगतेय ती." भिंत खराब केल्याची साधी तक्रार अशी साक्षीदारांना धमकावण्याच्या गुन्ह्यात गेली. चित्रकला शिकणाऱ्या दोन पोरांना आणून चौकशी केली. एक तर रडलाच. त्यांचा काही संबंध नव्हता.

मग स्टेशनवरच्या कॉफीवाल्याने टिप दिली. पहिल्या गाडीच्या सुमारास एक इंडियन बाई लाँड्रीची ट्रॉली ओढत खाली जाते. "स्टेशनवर कपडे कोण धुतं, ऑफिसर?"

इंडियन म्हणून चीफने मला पाठवायचं ठरवलं. मी फोटो मागवले. फाइलमध्ये काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स होत्या, मूळ रंगीत फोटो मी तोवर पाहिलेच नव्हते. म्हातारीच्या दातांवर तपकिरी रंग होता आणि डाव्या तळहातावर काळसर पूड. माझी आत्या सकाळी अशीच बसायची. ही बाई कुणाला गप्प करत नव्हती. मिसरी लावत होती.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत भुयारात थांबलो. पस्तिशीची एक बाई आली, ट्रॉलीतून रंगाचे डबे काढले आणि काम सुरू केलं. मी मागून विचारलं, "आईंना मिसरी फार लागायची का?"

ती वळली नाही. "हो. डॉक्टरांनी सांगूनही सुटली नाही." मग म्हणाली, "पोलीस ना तुम्ही, काका?"

गप्प राहण्याचा अधिकार आहे, हे मी तिला इंग्रजीत आणि नंतर मराठीतही सांगितलं.

"गप्पच असते मी. नवरा मीटिंगमध्ये, मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर देते." हातातला डबा खाली ठेवून ती बोलू लागली. "आई गेली तेव्हा आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. शेजारचे काका स्मशानात फोन धरून उभे होते, मी इथून व्हिडिओवर बघत होते. मधेच कॉल कट झाला."

"मग स्टेशनच का?"

"ही गाडी एअरपोर्टला जाते ना. बॅग भरून इथपर्यंत आले होते. इथूनच मागे फिरले."

वडील कराडला एकटे होते, तब्येत खालावत चाललेली. "काका, या केसमुळे व्हिसा गेला तर? त्यांच्या वेळी तरी जाता येईल ना मला?"

मी म्हणालो, "माहीत नाही." खोटा धीर देऊ नये, एवढं नोकरीत शिकलो होतो.

डिटेक्टिव्हला मिसरी पटेना, त्याने तिच्यावर धमकीचाच गुन्हा लावला. शेवटी कोर्टात, युनिफॉर्ममध्ये, मी तोंडात बोट घालून दात घासून दाखवले. लोक हसले.

"तंबाखू भाजून केलेली पूड असते, मॅडम," मी न्यायाधीशबाईंना म्हणालो. "दातांसाठी म्हणून लावायला लागतात, मग सुटत नाही."

"माझ्या आजीच्या सिगारेटचंही असंच होतं," त्या म्हणाल्या. धमकीचा गुन्हा रद्द झाला. भिंत तिनेच स्वच्छ करायची, मग केस बंद, असा हुकूम झाला.

भिंत धुवायच्या दिवशी देखरेखीला मीच होतो. तिने पायांपासून घासायला घेतलं, चेहऱ्यापाशी आली आणि थांबली. "काका, तुम्ही पुसता?"

नियमात बसत नव्हतं. मी पुसलं.

रोज त्या गाडीने जाणारी एक बाई न्यूयॉर्कमध्ये आर्ट गॅलरी चालवायची. तिने हिच्याकडे चित्रं मागितली. सुरुवातीला कॅनव्हास जमेना. "दाबलं की हलतो," ती म्हणायची. "भिंतीला टेकता तरी यायचं." तरी तिने आई काढली, पुन्हा पुन्हा काढली. पहिल्या प्रदर्शनाला मी गेलो होतो. चित्रांवर छान उजेड होता, कुणी फार जवळ जाऊ नये म्हणून पुढे जमिनीवर पट्टी चिकटवलेली.

"इथे तिला कुणी पुसणार नाही," मी म्हणालो.

"हो. पण हातही लावत नाही कुणी. तिकडे लोक घासून जायचे तिला."

या केसने मला काय शिकवलं, हे नीट सांगता येत नाही. पुरावा आम्हा सगळ्यांसमोर होता आणि आम्ही त्यात आमचीच भीती वाचत होतो, एवढं मात्र कळलं. कमरेला बेड्या अडकवून फिरणारा माणूस सगळीकडे गुन्हा बघतो. आणि ज्यांना आपण पकडतो त्यातली कित्येक माणसं फक्त कुठेतरी पोचू शकलेली नसतात.

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. दुसरं प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी कराडहून वडिलांच्या तब्येतीचा निरोप आला होता. अर्धी चित्रं टांगायची तशीच ठेवून ती निघाली.

"काका, तिचे बाबा काल गेले," तो म्हणाला. "पण ती पोचली होती. त्यांनी ओळखलं तिला."